कुत्र्याचे वय आणि सातचा पाढा

गणेशोत्सव जवळ आला की पेणच्या कारखान्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. एका कारखान्याच्या मांडवात मूर्ती पाहत उभा असताना कोपऱ्यातल्या पोत्यांवर एक गावठी कुत्री दिसली. तिच्या पोटाशी पाच पिल्ले एकमेकांवर चढून झोपली होती. बरोबरच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले, "सर, ही केवढी असेल?" दुसऱ्याने उत्तर दिले, "तीन वर्षांची असेल. म्हणजे सातने गुणायचे, माणसाची एकवीस!"

हा सातचा पाढा बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण तो बरोबर आहे का? थोडा विचार करा. एक वर्षाच्या कुत्रीला पिल्ले होऊ शकतात. सात वर्षांची मुलगी तर दुसरीच्या वर्गात असते! म्हणजे हा पाढा पहिल्याच पायरीवर चुकतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा मुळातून विचार केला. वय वाढते तसे पेशींतील डीएनएवर मिथाइल गटांच्या खुणा बदलत जातात. लॅब्रेडॉर जातीच्या सुमारे शंभर कुत्र्यांच्या खुणांची तुलना माणसांच्या खुणांशी करून त्यांनी 2020 साली एक सूत्र मांडले. आपल्या लॉग टेबलाच्या भाषेत ते असे लिहिता येईल:

माणसाचे वय = 31 + 37 × लॉग (कुत्र्याचे वय)

1 चा लॉग शून्य. म्हणून एक वर्षाचा कुत्रा म्हणजे 31 वर्षांचा माणूस. दोन वर्षांचा 42, चार वर्षांचा 53, आठ वर्षांचा 64 आणि बारा वर्षांचा सुमारे 71. यातील गंमत पाहा. कुत्र्याचे वय दुप्पट झाले की माणसाच्या वयात दर वेळी साधारण 11 वर्षांची भर पडते. आलेख काढलात तर तो आधी झपाट्याने चढतो, मग सपाट होत जातो. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेले आहे. मोठ्या चणीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, लहान चणीचे अधिक जगतात. तेव्हा आकडा नेमका धरू नका, आलेखाचा आकार लक्षात ठेवा. कुत्र्याचे बालपण आणि तारुण्य किती घाईत उरकते ते त्यातून कळते.

ढिगाचे भौतिकशास्त्र

आता त्या पोत्यांवरच्या पिल्लांकडे वळू. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे व कान बंद असतात. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान त्याच सुमारास किंवा जरा नंतर. पहिले दोन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान टिकवता येत नाही. कुडकुडून ऊब निर्माण करण्याची यंत्रणाच तयार झालेली नसते.

शिवाय आकार आडवा येतो. एखाद्या वस्तूची लांबी निम्मी केली तर पृष्ठफळ चौथाई होते, पण घनफळ एक-अष्टमांश होते. म्हणजे वजनाच्या मानाने उष्णता बाहेर सोडणारी कातडी दुप्पट! म्हणून लहान जीव लवकर गार पडतो. यावर पिल्लांनी शोधलेला उपाय म्हणजे ढीग. पाच लहान वस्तूंची एक मोठी वस्तू झाली की उघडे पृष्ठफळ कमी होते. म्हणून पावसाळ्यात कोणी 'एकच पिल्लू उचलून' घरी आणले, तर दूध पाजण्याइतकेच त्याला उबेत ठेवणेही महत्त्वाचे असते. खरे म्हणजे सहा-सात आठवडे तरी ते आईपासून तोडूच नये.

तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ स्वभाव घडण्याचा असतो. या दिवसांत पिल्लू ज्यांच्या सहवासात येते, ते त्याला पुढे आयुष्यभर आपले वाटतात. माणसांचा प्रेमळ स्पर्श, सायकलची घंटा, मुलांचा गलका यांची ओळख याच काळात झाली तर कुत्रा धीट व शांत निघतो. या काळात दगडच खाल्ले तर पुढे तो माणसाचा हात वर गेलेला पाहूनच बिथरतो. रागीट कुत्र्याच्या कहाणीची सुरुवात पुष्कळदा इथे झालेली असते.

रस्त्यावरच्या पिल्लाच्या वाट्याला हे आयुष्य किती येते? कोलकात्याजवळील 'आयसर' या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी 95 वेतांतील 364 पिल्लांवर लक्ष ठेवले. प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, त्यांतली फक्त 19 टक्के जगली. मेलेल्यांपैकी 63 टक्क्यांचा मृत्यू या ना त्या प्रकारे माणसामुळे ओढवला होता. हा आकडा जरा मनात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

घाम न येणारा प्राणी

कुत्र्याचे शरीर आपल्यापेक्षा थोडे गरम असते, सुमारे 38.5 अंश सेल्सिअस. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंज्यांच्या गाद्यांतून. मग मे महिन्यात तो काय करतो? जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याचा श्वास मिनिटाला तीनशेच्याही वर जाऊ शकतो. जीभ व नाकातील ओलाव्यातून एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले की सुमारे 580 कॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. आपला माठ ज्या तत्त्वावर गार होतो, तेच हे तत्त्व.

पण माठ कोकणातल्या दमट हवेत म्हणावा तसा गार होत नाही, हे तुमच्या आजीला विचारा! हवेत आधीच बाष्प भरलेले असले की बाष्पीभवन मंदावते. म्हणूनच पुण्यात 38 अंशांत जो कुत्रा निभावून नेतो, तो पेण-रोह्यात 35 अंशांतही हैराण होऊ शकतो. भर दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर पळवू नये. सावली आणि पाण्याचे पसरट भांडे हे त्याचे पहिले औषध.

त्याचे कानही वेगळे. आपल्याला सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंतचा. आपल्याला ऐकूच न येणारे मंद आवाजही त्याला ऐकू येतात. मग विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके त्याला कसे वाटत असतील! ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्या दिवशी त्याला अंगणात साखळीला न बांधता आतल्या खोलीत ठेवा.

वय ओळखा, चावा टाळा

कुत्रा उगाच चावत नाही, आधी तो सांगत असतो. मान वळवणे, ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, शरीर ताठ करणे, मग गुरगुरणे अशा पायऱ्या असतात. शेपूट हलली म्हणजे तो खूशच असतो असेही नाही. ताठ, उंच धरलेली आणि तुटक हलणारी शेपूट हा इशारा असतो.

यात वयाचाही भाग आहे. पिल्लाचे दुधाचे 28 दात जाऊन सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. त्या काळात ते जे दिसेल ते चावते, त्यात राग नसतो. व्यालेली कुत्री मात्र पिल्लांजवळ आलेल्या ओळखीच्या मुलावरही धावून जाईल. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येते, डोळ्यांतील भिंग धूसर होते, सांधे दुखतात. झोपेत त्याला कोणी एकदम हात लावला तर तो दचकून चावतो. तेव्हा जेवणारा, झोपलेला आणि पिल्लांजवळचा कुत्रा यांच्या वाटेस जाऊ नका. अनोळखी कुत्रा अंगावर आलाच तर पळू नका, हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका.

इतके करूनही दात लागलाच तर? इथे मात्र क्षणाचाही उशीर नको. रेबीजचे विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतात आणि त्यांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही. पण वाटेतच विषाणूंना गाठले तर रोगी निश्चित वाचतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने मुले चावा लपवीत. ती लस आपल्या देशात 2005 पर्यंत बंद झाली. आता चार किंवा पाच वेळा इंजेक्शन घ्यावे लागते, तेही बहुधा दंडात. जखम खोल असेल तर तयार प्रतिपिंडेही जखमेत टोचतात. घरात बोलणी बसतील म्हणून चावा लपवणे जिवावर बेतू शकते. म्हणून ओरखडा असला तरी सांगा.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला

आपल्या पेणवरून जाणारा महामार्ग जिथे पोचतो, त्या गोव्याने या रोगाविरुद्ध काय केले ते पाहण्यासारखे आहे. गेल्या दशकात तेथील सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली. मोकाट कुत्रे जाळीने अलगद पकडायचे, लस टोचून खूण करायची आणि तिथेच सोडायचे. शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण 92 टक्क्यांनी घटले. 2021 साली गोवा 'रेबीज-नियंत्रित' म्हणून जाहीर झाला, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तेथे माणसाचा एकही रेबीज-मृत्यू नोंदला गेला नव्हता.

दरवर्षी 70 टक्के कुत्र्यांना लस द्यावी असे म्हणतात. सत्तरच का? एक रोगी कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. म्हणजे निम्म्या कुत्र्यांना लस टोचली तरी साखळी तुटायला हवी. पण मघाचा तो आकडा आठवा. रस्त्यावरची पिढी फार लवकर बदलते. लस टोचलेले कुत्रे मरतात, नवी पिल्ले लसीविना वाढतात आणि वर्षभरात प्रमाण घसरत जाते. ते घसरूनही निम्म्याच्या वर राहावे म्हणून सुरुवात 70 पासून करायची. कुत्र्यांना नुसते मारून हा रोग आटोक्यात येत नाही, त्याचेही एक कारण यात आहे. मारलेल्यांत लस घेतलेलेही असतात, आणि त्यांच्या जागी येतात ते लस न घेतलेले.

घरच्या कुत्र्यासाठी तर हे सोपेच आहे. सहा ते आठ आठवड्यांचा झाला की पार्व्हो आदी रोगांच्या लसी सुरू कराव्यात, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. भाताच्या खाचरांत पाणी भरते त्या दिवसांत उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्याचीही लस असते. गोचिडी वेचाव्यात, जंताचे औषध द्यावे. चॉकलेट, कांदा, द्राक्षे व शिजवलेली हाडे देऊ नयेत. सात-आठ वर्षांनंतर दात, डोळे आणि मूत्रपिंडे वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावीत.

कारखान्यातल्या त्या पिल्लांना महिन्याभराने मुलांनी मोजले, तेव्हा तीन उरली होती. "सर, आता यांचे वय किती?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "दहा आठवडे झाले असतील. पाढा राहू द्या. अजून दोन आठवडे, मग तिन्ही खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायची." खोके आणायची जबाबदारी कोणाची, यावर त्यांची लगेच भांडाभांडी सुरू झाली.