तराजूचा काटा बघता, तसा मशीनचा आकडा बघा

आपल्या जंगलपट्ट्यात बाजारहाटाची रीत तीनदा बदलली. जुनी माणसे सांगतात, एटापल्ली-भामरागडकडे चारोळी द्यायची आणि बदल्यात मीठ घ्यायचे, असा व्यवहार होता. मग रोख पैसा आला. तेंदूची मजुरी, धानाचे चुकारे, आठवडी बाजार सारे नोटांवर चालले. आता तिसरी रीत आली आहे, कार्डाची आणि मोबाईलची. रीत कोणतीही असो, माप ज्याच्या हातात, त्याचेच फावते. म्हणून गिऱ्हाइकाने मापावरून नजर हटवू नये.

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ साली सुरू झाली, पण त्या कार्डाने दुकानात खरेदी करण्याची सोय बरीच उशिरा आली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि रुपे कार्ड घरोघरी पोचले. अनेकांनी ते पेटीत ठेवून दिले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा पेट्या उघडल्या. आता धानाचे चुकारे आणि रोजगार हमीची मजुरी थेट खात्यात येते. पैसाच खात्यात येत असेल, तर तो खर्च कसा करायचा हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही.

मशिनी अनेक, कामे वेगळी

गावात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मशिनींच्या बाबतीत. रेशन दुकानातले मशीन अंगठा घेते, ते धान्याची नोंद करते. कृषी केंद्रातले खताचे मशीनही अंगठा घेते. ही पद्धत मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. अनुदानाचे खत कोणी, किती उचलले, एवढेच ते नोंदवते. खात्यातले पैसे त्याने कटत नाहीत. बँक मित्राचे मशीन मात्र अंगठ्यावर खात्यातून पैसे काढते. आणि कार्डाचे मशीन पिन मागते.

तेव्हा अंगठा लावण्याआधी विचारा, "भाऊ, हे कशाचे मशीन आहे?" खताचे असेल तर किती पोत्यांची नोंद होत आहे ते पाहा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे, ती पावतीवर तपासा. बँक मित्राकडे "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" असे म्हटले, तर पहिला व्यवहार फसल्याची पावती आधी मागा.

पावती वेगळी, बिल वेगळे

कार्ड चालवले की मशीनमधून एक चिठ्ठी निघते. पुष्कळ जण तिलाच बिल समजतात. ती चिठ्ठी फक्त पैसे दिल्याचा पुरावा आहे. काय घेतले, ते तिच्यावर नसते. उद्या धानाचे बियाणे उगवले नाही आणि तालुका तक्रार समितीकडे जायची वेळ आली, तर वाण, लॉट नंबर आणि तारीख असलेले पक्के बिल लागते. सोबत पिशवी आणि टॅगही लागतो. म्हणून कार्डाने पैसे द्या की रोखीने, पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. चिठ्ठीवरची शाई महिना-दोन महिन्यांत उडते, तिची झेरॉक्स काढून बिलाला जोडा.

काही दुकानदार "कार्डाचे दोन टक्के जास्त लागतील" म्हणतात. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराकडून बँकेने शुल्क घेणे १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. जो खर्च दुकानदाराला येतच नाही, तो तुम्ही का सोसावा? शांतपणे एवढेच सांगा.

पैसे अडकले, चोरीला गेले तर

खात्यातून पैसे कटले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, असे नेटवर्कच्या भानगडीत होते. घाबरू नका, पण लगेच दुसऱ्यांदा कार्डही चालवू नका, आधी खाते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे ५ दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि त्यात ना तुमची चूक ना बँकेची, तर ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्या खातेदारावर बोजा पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले. पण पिन तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच. फसवणूक झाली की आधी १९३० या क्रमांकावर फोन करा, मग बँकेत जा. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणे आहे.

आणखी एक. जनधनच्या रुपे कार्डासोबत अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाख, आधीच्यांना १ लाख. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. पेटीतले कार्ड घरच्यांच्या कामी येणार नाही.

रोख सोडू नका

असे असले तरी सगळा व्यवहार कार्डावर टाकावा, असे माझे म्हणणे नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. लाईट गेली, टॉवर बंद पडला, तर मशीन म्हणजे नुसता डबा. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस पुरेल इतके मीठ-तेल आणि थोडी रोकड घरात हवीच. बाजारात भाजीचा ढीग मांडून बसलेल्या म्हातारीलाही नोटच सोयीची.

ग्रामपंचायत अधिकारी, गटसचिव आणि बचत गटाच्या ताईंनी एक काम करावे. पुढच्या ग्रामसभेत अर्धा तास काढून बँक मित्राला मशीन घेऊन बोलवावे, आणि आकडा कुठे दिसतो, पावती कशी वाचायची हे सर्वांसमोर दाखवायला लावावे. माडिया-गोंडी बोलणाऱ्यांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगावे. बाजारात आपली आया-बहिणी काटा स्थिर होईस्तोवर पिशवी पुढे करत नाहीत. मशीनवरचा आकडा वाचून होईस्तोवर पिनही दाबू नये.