मामलेदाराची जीप, मुक्काम कोपरी

ठाण्याच्या कोपरीत गाडी घ्यायची तर आधी जागा शोधावी लागते, मग गाडी. एका बाजूला चेंदणी कोळीवाडा, मध्ये फाळणीनंतर वसलेली सिंधी वसाहत, सगळीकडून स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षा. या गल्ल्यांत नव्या एसयूव्हीवाल्याला वळताना घाम फुटतो. इथल्याच एका सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीला खेटून, जुनी महिंद्रा जीप उभी असते. मॉडेल सीजे-थ्री-बी. लांबी अकरा फुटांच्या आत, म्हणजे जवळपास मारुती ८००एवढीच. बॉनेट मात्र उंच, त्यामुळे छाती काढून उभ्या राहिलेल्या बुटक्या हवालदारासारखी दिसते.

मालक निवृत्त सरकारी नोकर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. "परदेशी मोटार घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं, पैसे कुठून आले?" काका सांगतात. "जीप घेतली तर विचारतात, लिलावात मिळाली का?"

या प्रश्नातच सगळं आलं. आपल्याकडे विंटेज गाडी म्हटलं की संस्थानिक आठवतात. रोल्स-रॉइस, पॅकार्ड, ब्युइक, चांदीच्या मुठी, शिकारीचे दिवे. त्या गाड्या राजवाड्यांतून खाली आल्या, त्याही मोजक्यांच्या हाती. जीप आली ती सरकारी कचेरीतून. मामलेदार, बीडीओ, फौजदार, पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर, देवीची लस टोचणारी पथकं, लाल त्रिकोण रंगवलेली कुटुंब नियोजनाची गाडी: गावात सरकार यायचं ते जीपमधून. निवडणूक आली की तिच्यावर कर्णा चढायचा. पोरं धुरळ्यात मागे पळायची आणि मोठी माणसं टोपी नीट करायची. मग केव्हातरी खात्याच्या कागदावर 'निर्लेखन' असा शेरा पडायचा, गाडी कचेरीमागच्या बाभळीखाली दोन पावसाळे काढायची आणि लिलावात जायची. तिथून कुणाच्या शेतावर, नाहीतर सातारा-सांगलीकडे वडापला, जिथे आठ माणसांच्या गाडीत पंधरा बसत आणि दोन मागे लोंबकळत.

माझ्या मते जुन्या जीपची खरी ओढ इथे आहे. धुरळ्यात मागे पळणारं पोर आज साठी ओलांडून स्टिअरिंगवर बसलंय. ज्या सीटवर साहेब बसायचा ती सीट आता आपली, तीही एखाद्या नव्या छोट्या मोटारीपेक्षा कमी पैशांत. अमेरिका, महायुद्ध वगैरे नंतर.

तरीही अमेरिकेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती गमतीची आहे. मोठ्या गाड्यांच्या त्या देशात छोट्या गाडीची कायम चेष्टा झाली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी १९३०पासून अमेरिकन ऑस्टिन कंपनी इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची आवृत्ती बनवू लागली. किंमत ४४५ डॉलर. सिनेमावाल्यांना विनोदाला गाडी मिळाली, गिऱ्हाइकं फारशी मिळाली नाहीत. कंपनी बुडाली. रॉय एव्हान्स या विक्रेत्याने ती उचलली आणि 'अमेरिकन बँटम' नावाने पुन्हा उभी केली. डोनाल्ड डकची टुमदार मोटार बँटमवरूनच बेतली असं मानतात. यावरून त्या गाडीला लोक किती गंभीरपणे घेत असतील ते समजा.

१९४०मध्ये अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पत्रं १३५ कंपन्यांना गेली. अटी अशा की शहाण्याने हातच लावू नये: वजन ५९० किलोच्या आत आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. वजनाची अट शेवटी कुणालाच पाळता आली नाही, ती वाढवावी लागली. बँटमकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना, गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत पोचली. लष्कराने गाडी पसंत केली आणि आराखडे विलिस आणि फोर्डलाही दाखवले. बँटमचा कारखाना लहान, एवढ्या गाड्या तिला झेपणार नाहीत असं कारण. विलिसकडे बार्नी रूसने सुधारलेलं दणकट इंजिन होतं, २२०० सीसी, ६० अश्वशक्ती. मोठी ऑर्डर विलिसला गेली, एका जीपला ७३८ डॉलर ७४ सेंट या दराने. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीपा निघाल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन हजार जीपा आणि मग ट्रेलर. पोर एकीचं, बारसं दुसरीकडे.

युद्धकाळात के. सी. महिंद्र अमेरिकेत भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांची रूसशी गाठ पडली, असं महिंद्रा कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९४५मध्ये सुरू झालेल्या महिंद्रांच्या या पोलादाच्या पेढीने १९४९मध्ये माझगावला पहिल्या ७५ विलिस जीपा जोडल्या. पुढे परवाना घेऊन जीप इथेच बनू लागली. सीजे-थ्री-बी अमेरिकेत १९६८मध्ये बंद पडली. आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिली, आणि तिची नातवंडं अजून रस्त्यावर आहेत.

काकांच्या गाडीचं बॉनेट उघडायला दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ओढायच्या. आत एवढी मोकळी जागा की पाना हातातून सुटला तर थेट जमिनीवर वाजतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, सगळं बोट दाखवून सांगता येतं. बॉनेट उंच का, तर या मॉडेलच्या 'हरिकेन' इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात बसवले. त्याने ताकद ७२ अश्वशक्तीवर गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. समोरची काच बॉनेटवर आडवी होते. जमिनीतून तीन दांडे वर आलेत: एक तीन गिअरचा, एक पुढच्या चाकांना जोर देण्याचा, एक हाय-लोचा. कोपरीत उरलेल्या दोघांचा काय उपयोग, असं विचारलं तर काका पावसाळ्याकडे बोट दाखवतात.

बाकी सुख बेताचंच. ब्रेक ड्रमचे, तेही पायात जोर असेल तर. स्टिअरिंगला इतका प्ले की सरळ जायलाही हात हलता ठेवावा लागतो. पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तर नशीब. महामार्गाच्या आठ मार्गिका कोपरी पुलावर येऊन चार व्हायच्या, त्या काळात ही गाडी पुलावर हमखास तापायची. काका खाली उतरून पाणी ओतायचे आणि मागचे हॉर्न वाजवायचे. पूल रुंद झाल्याचा खरा आनंद परिसरात कुणाला झाला असेल तर या रेडिएटरला.

आता एक तक्रार. साठ-सत्तरच्या दशकातली महिंद्रा जीप घ्यायची, तिला लष्करी हिरवा रंग मारायचा, बॉनेटवर पांढरा तारा काढायचा आणि नॉर्मंडीहून आणल्याचा आव आणायचा, ही हौस मला पटत नाही. या गाडीने जिल्हा परिषदेची नोकरी केली. दुष्काळात टँकरच्या पुढे धावली, मतपेट्या वाहिल्या, बाळंतिणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवलं. ती सेवा काय कमी होती, म्हणून उसनी पदकं लावायची? काकांनी रंग खरवडला तेव्हा खाली खात्याच्या नावाची पुसट अक्षरं निघाली. दारच नसल्याने ती कडेच्या पत्र्यावर लिहिलेली. त्यांनी तेवढा तुकडा तसाच ठेवला आणि बाकीची गाडी करडी रंगवली.

अशी गाडी घेणाऱ्याने रंगापेक्षा चासी पाहावी. चासीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते बघावं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या सुट्या भागांतून जीपा नव्याने उभ्या करण्याचा मोठा धंदा चालला. तिथली गाडी दिसते देखणी, पण अर्धी १९६०ची आणि अर्धी परवाची असू शकते. पेट्रोल महाग म्हणून मधल्या मालकांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेल्या जीपाही खूप. सुट्या भागांची तशी चणचण नाही. ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याचा जुना बाजार पायाखालचा असला की निम्मं काम झालं.

२०२१पासून केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज नोंदणीची सोय केली. वीस हजार रुपये भरा, पाटीवर 'व्हीए' अक्षरं मिरवा. पण इंजिन, चासी, बॉडीत मोठा फेरफार नको, आणि गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. काकांच्या गाडीलाही मधल्या कुणीतरी डिझेल बसवलं होतं. त्यांनी ते काढून पेट्रोलचं जुन्या जातीचं इंजिन शोधून घातलं. ते नियमात बसेल की नाही हा वाद त्यांना घालायचाच नाही.

"रविवारी भाजी आणायला नेता येणार नसेल तर ती पाटी काय करू?" असं म्हणून त्यांनी साधीच पुनर्नोंदणी चालू ठेवली आहे. दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यायची आणि शिक्का घेऊन यायचा. पुढची तारीख जवळ आली आहे. चारही चाकांचे ब्रेक लायनर बदलायचेत आणि एक हेडलाइट आकाशाकडे बघतो, तो खाली आणायचाय.