आकर्षण, आमिष की सापळा? तुमची ऑफर नक्की कुठे बसते?



गिऱ्हाईक दुकानाकडे खेचून आणणं हे आपलं कामच आहे. पण या खेचण्याला मराठीत कितीतरी शब्द आहेत. गिऱ्हाईक घरी जाऊन त्यातला कुठला शब्द वापरतं, त्यावर ते परत येणार की नाही हे ठरतं. म्हणून आज जरा शब्दांचाच धडा घेऊ.

आकर्षण, भुरळ: आकर्षणात माणूस स्वतःच्या पायाने येतो. भुरळ पडली की भान थोडं सुटतं, पण त्यात कपट असेलच असं नाही. "त्या पैठणीच्या काठाने भुरळच घातली" म्हणणारी ताई तक्रार करत नसते, कौतुक करत असते.

गळ घालणं: "घेऊन टाका हो काका!" हा आग्रह. तो उघड असतो, काका नाही म्हणू शकतात. फार तर कंटाळतील, पण फसणार नाहीत. मात्र "गळाला लागला" म्हटलं की माणसाचा मासा झाला! शब्द दिसायला सारखाच, पण क्रियापद बदललं की अर्थ फिरतो.

लालूच, प्रलोभन: इथे आपण वस्तूचा गुण सांगत नाही, समोरच्याच्या हावेला हात घालतो. लालूच बोलण्यातला, प्रलोभन कागदावरचा.

आमिष: संस्कृतात याचा अर्थ मांस. सामिष, निरामिष हे शब्द त्यातूनच आले. गळाला लावलेला तुकडा माशाचं पोट भरावं म्हणून लावलेला नसतो. म्हणून "जादा परताव्याचं आमिष" अशी बातमी वाचली की पुढे काय झालं असेल ते आपल्याला आधीच कळतं.

जाळं, सापळा: जाळं टाकतात, त्यात जो येईल तो. सापळा रचतात, तो ठरलेल्या सावजासाठी. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा रचतो, कारण तक्रार ठरावीक माणसाची असते. सापळ्याची आणखी एक खूण म्हणजे आत जाणं सोपं, बाहेर पडणं अवघड.

गंडवणं, टोपी घालणं, चुना लावणं: हे काम झाल्यानंतरचे शब्द. चहाच्या टपरीवर "गंडवलं" म्हणतात, तक्रार अर्जात त्याचीच "फसवणूक" होते.

आता हे दुकानात कसं लागू होतं?

समजा, तुम्ही बोर्ड लावला: "साडी फक्त ९९ रुपयांत!" आत पाचच नग. बोर्डावर "फक्त ५ नग" लिहिलं असेल तर ती ऑफर. नसेल, आणि सहाव्या ताईला "ती संपली, ही ८०० ची बघा" म्हणालात, तर ते आमिष.

हे फक्त शब्दांचे खेळ नाहीत बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींचा वेगळा उल्लेख आहे. सांगितलेल्या भावात पुरेसा माल हवा, साठा मर्यादित असेल तर ते जाहिरातीतच स्पष्ट लिहायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांची, म्हणजे डार्क पॅटर्नची, यादी आली. उगाच "शेवटचे २ नग" दाखवणं आणि सबस्क्रिप्शनचा सापळा, दोन्ही तिच्यात आहेत.

ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा: सगळं आधी कळलं असतं, तरी गिऱ्हाईक आलं असतं का? उत्तर हो असेल तर ते आकर्षण. नाही असेल तर आमिष, मग बोर्ड कितीही झकास असो.

आजचा गृहपाठ: तुमचा शेवटचा व्हॉट्सअ‍ॅप ऑफर मेसेज उघडा. त्यात न सांगितलेली एक अट शोधा आणि ती भावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहून मेसेज पुन्हा पाठवा. गर्दी थोडी कमी होईल कदाचित. पण जे येतील, ते बाहेर जाऊन "गंडवलं" म्हणणार नाहीत.