शंभर घरे, अकरा वाटा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीचे पहिले स्टेशन शहाड. तेथील शंभर घरांत टेलिफोन आहेत असे समजा. या शंभर घरांसाठी दूरध्वनी केंद्रातून बाहेर जाणाऱ्या शंभर वाटा कोणी बांधीत नाही. सारे एकाच वेळी बोलत नाहीत, या भरवशावर थोडक्यांत भागवले जाते. किती थोडक्यांत, याचे सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली मांडले.

गर्दीच्या तासात प्रत्येक घरातून तीन मिनिटांचा एक फोन झाला, तर एकूण तीनशे मिनिटे झाली. म्हणजे सरासरीने पाच वाटा सतत गुंतलेल्या. पण माणसे सरासरीने वागत नाहीत. शंभरांत एकाहून अधिक फोन वाट न मिळून परत जाऊ नये, असे ठरवल्यास अकरा वाटा लागतात.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले आणि हळूहळू घरोघर मोडेम आले. आपल्या शंभरांपैकी दहा घरांनी त्या तासात गप्पांऐवजी अर्धा अर्धा तास इंटरनेट वापरले, असे धरा. टेलिफोन एकही वाढला नाही, फोनही पूर्वीइतकेच, शंभर. पण मिनिटे झाली ५७० आणि वाटा लागतात सतरा! बोलणारी दोन माणसे गप्प झाली की त्यांना अवघडल्यासारखे होते व फोन खाली ठेवला जातो. मोडेमला हा संकोच नाही. मालक मजकूर वाचीत बसला तरी वाट अडलेलीच.

वाटा अकराच ठेवल्या तर सुमारे सातांतला एक फोन परत जातो. तो डॉक्टरांना केलेला असेल, यंत्राला त्याचे काय? शिवाय परतलेला फोन निघून गेला, असे एर्लांगचे गणित धरते. परतवलेला मोडेम मात्र पुन्हा पुन्हा क्रमांक फिरवीत राहतो. त्यामुळे प्रत्यक्ष गर्दी गणिताहून अधिक होते.

वाटा वाढवीत जाणे हा खर्चाचा उपाय. खरी सुटका ब्रॉडबँडने केली. भारत संचार निगमची ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. तीत तांब्याची तार तीच राहते, पण बोलणे आणि इंटरनेट केंद्राच्या दाराशीच वेगळे केले जाते. मग ती दहा घरे दिवसभर जोडलेली राहिली, तरी त्या अकरा वाटांना त्याची खबरही नसते.