अथेन्सचा खजिना, शिकागोचं शस्त्रागार आणि आपला कोयता

बायकांनी एकजुटीनं ‘नाही’ म्हटलं तर पुरुषांनी पेटवलेलं युद्ध थांबेल का? ॲरिस्टोफेनिस या नाटककारानं हा प्रश्न ख्रिस्तपूर्व ४११ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर विचारला. त्याचं ‘लिसिस्ट्राटा’ हे नाटक तेव्हापासून मेलेलंच नाही. कधी त्यावर बंदीची मागणी झाली, कधी ते चावट करमणूक म्हणून खपवलं गेलं, आणि पडद्यावर तर ते पुन्हापुन्हा नव्या वेशात आलं. त्या पडद्यावरच्या अवतारांचा हा आढावा. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या परिसरात दिवाळी सरते तसे ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर हलू लागतात. त्या वाटेवरून पाहिलं की हे अडीच हजार वर्षांचं नाटक फार लांबचं वाटत नाही.

अंथरूण आणि तिजोरी

अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये सुरू झालं. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचं आरमार बुडालं, हजारो तरुण परतले नाहीत. ‘लिसिस्ट्राटा’ लिहिलं गेलं ते या सुतकात. अथेन्सची लिसिस्ट्राटा शत्रुराज्यांतल्या बायकाही बोलावते आणि मद्याच्या मोठ्या वाडग्यावर हात ठेवून शपथ घेववते: तह होईपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही.

जगाला एवढीच गोष्ट ठाऊक आहे. पण नाटकात दुसरी आघाडी आहे आणि माझ्या मते नाटकाचा कणा तीच आहे. तरुण बायका शपथ घेत असताना म्हाताऱ्या बायका अक्रोपोलिसचा ताबा घेतात. अथेन्सचा खजिना तिथे आहे. सरकारी अधिकारी वल्ह्यांसाठी पैसे न्यायला येतो आणि त्याला दार बंद मिळतं. म्हातारे पुरुष निखारे घेऊन दार जाळायला येतात, बायका त्यांच्यावर पाण्याचे हंडे रिकामे करतात.

अधिकारी विचारतो, राज्यकारभारातलं तुम्हाला काय कळतं? लिसिस्ट्राटा लोकरीचं उदाहरण देते. कापलेली लोकर आधी धुवायची, मळ काढायचा, चिकटलेली कुसळं वेचून फेकायची, मग सगळी एका टोपलीत एकत्र पिंजायची, परके आणि कर्जबाजारीसुद्धा त्यातच मिसळायचे, आणि त्या सुतातून साऱ्या गावासाठी एक पांघरूण विणायचं. घर चालवणारीच्या हाताला जे रोज कळतं ते राज्य चालवणाऱ्याला का कळू नये, हा तिचा सवाल आहे.

आणखी एक जागा दिग्दर्शक बहुधा घाईनं ओलांडतात. एक बाई विचारते, नवऱ्यानं जबरदस्ती केली तर? मारहाण केली तर? ‘नाही’ म्हणण्याची किंमत नाटककाराला ठाऊक होती.

शिकागोचा अवतार

आजच्या काळातलं सर्वांत धाडसी रूपांतर म्हणजे स्पाइक ली यांचा ‘शायरॅक’. डिसेंबर २०१५ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा ली आणि केव्हिन विल्मट यांची. शिकागो आणि इराक जोडून शहराला पडलेलं हे टोपणनाव. इराक-अफगाणिस्तानात पडलेल्या अमेरिकी सैनिकांपेक्षा शिकागोच्या रस्त्यांवर जास्त माणसं मेली, हे चित्रपट सुरुवातीलाच आकडे दाखवून मांडतो.

इथे स्पार्टन आणि ट्रोजन या दोन टोळ्या आहेत. एका भटक्या गोळीनं लहान मुलीचा जीव जातो आणि टियोना पॅरिसनं साकारलेली लिसिस्ट्राटा दोन्ही टोळ्यांच्या बायका एकत्र आणते. संवाद यमक जुळवलेल्या पद्यात आहेत. भडक रंगांचे सूट घातलेला सॅम्युएल जॅक्सनचा डॉल्मेडीज मध्येच येऊन थेट प्रेक्षकांशी बोलतो. तमाशा पाहिलेल्या माणसाला हे काही नवं वाटणार नाही. गोष्ट थांबवून गावाच्या कारभाराची हजेरी घेणं आपल्या सोंगाड्याला पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे.

एक दृश्य मात्र मनातून जात नाही. मेलेल्या मुलीची आई रस्त्यावर गुडघे टेकून ब्रश आणि पाण्यानं लेकीचं रक्त घासून काढते. ही आई झालेल्या जेनिफर हडसनची स्वतःची आई, भाऊ आणि भाचा २००८ मध्ये शिकागोतच खून होऊन गेले. त्या घासण्यात अभिनय कुठे संपतो, सांगता येत नाही.

चित्रपटावर टीका झाली. शिकागोतल्याच काही कलावंतांना शहराच्या दुःखावर विनोद रुचला नाही. आक्षेप गंभीर होता. तरी ली यांना मूळ नाटक नीट उमगलं होतं. त्यांच्या चित्रपटातल्या बायका घरात बसून रुसत नाहीत, त्या शस्त्रागार ताब्यात घेतात. अथेन्समध्ये पैसा अडवला, इथे बंदुका.

चित्रपटातली एक शहाणी शेजारीण लिसिस्ट्राटाला लायबेरियाच्या लेमा बोवी यांची माहिती शोधायला सांगते. २००३ मध्ये बोवी आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांतल्या सहकारी बायकांनी यादवी युद्ध थांबवण्यासाठी आंदोलन केलं. शय्येच्या संपाची बातमी जगभर गाजली. पण त्या संपाचा प्रत्यक्ष परिणाम थोडाच होता, त्यामुळे लक्ष मात्र वेधलं गेलं, असं बोवींनी पुढे स्वतःच नोंदवलं. निर्णायक ठरलं ते अक्रा इथे वाटाघाटींच्या सभागृहाची दारं अडवून बसणं. २०११ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

गंमतीकडून पाण्याकडे

बाकीच्या अवतारांत चढउतार आहेत. १९५५ च्या ‘द सेकंड ग्रेटेस्ट सेक्स’ या अमेरिकी संगीतिकेनं गोष्ट गावरान पश्चिमेत नेली आणि हलकीफुलकी केली. स्वीडनच्या माय झेटरलिंग यांचा ‘फ्लिकोर्ना’ (१९६८) वेगळा. त्यात ‘लिसिस्ट्राटा’चा दौरा करणाऱ्या तीन अभिनेत्री आहेत. रंगमंचावर बंड करणाऱ्या या बायका घरी मात्र अडकलेल्या आहेत, आणि ही फट दिग्दर्शिका झाकत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला जवळचे वाटतील ते दोन चित्रपट पाण्याचे. २००१ मध्ये तुर्कस्तानातल्या एका खेड्यात बायकांनी पाण्यासाठी असाच शय्येचा संप केला होता. त्या घटनेवरून फाइट हेल्मर यांचा ‘अब्सुर्दिस्तान’ (२००८) आला आणि रादू मिहाइलानू यांचा ‘ला सूर्स दे फाम’ (२०११). दुसऱ्या चित्रपटात बायका डोंगरावरून पाणी आणताना घसरतात, पोटातलं मूल गमावतात, आणि पुरुष चहाच्या दुकानात बसलेले असतात. इथे युद्ध नाही. रोजचा हंडाच युद्धाएवढा जीवघेणा आहे.

आपल्याकडे याला सर्वांत जवळ आला तो आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या लढ्यावरचा हा चित्रपट ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. पाणी नसलेल्या गावात लेक द्यायची नाही, हा मराठवाड्यातला नकार त्याच्या मुळाशी आहे. चित्रपट देखणा आणि प्रामाणिक आहे. पण नकार इथे मुलीच्या घरच्यांचा आहे आणि लढा नायकाचा. हंडा ज्यांच्या डोक्यावर, त्या बायकांची एकजूट अजून आपल्या पडद्याच्या मध्यभागी यायची आहे.

आपल्या तिजोरीची किल्ली

ग्रीक विनोदाला भारतीय करणं नवं नाही. ॲरिस्टोफेनिसच्याच ‘प्लूटस’वरून दलपतरामांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुजरातीत ‘लक्ष्मी’ लिहिलं. आणि राजा, प्रधान, कोतवाल यांना सोंगाड्यानं भरदरबारात उघडं पाडणं मराठी प्रेक्षकानं वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त डोक्यावर घेतलं. घाट तयार आहे, विषय तर दारात उभा आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्या जोडीवर मिळते आणि ती बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाई पहाटे कोपीतला स्वयंपाक उरकते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. आजारपणानं खाडा पडला तर पैसे कापले जातात. या धास्तीत गर्भाची पिशवी काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

आता लिसिस्ट्राटाचा हिशोब इथे लावून पाहा. जोडीतल्या अर्ध्या हातांनी मोळी बांधायची नाही असं ठरवलं, तर पश्चिम महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत किती कारखान्यांचे पट्टे थांबतील? तिजोरीची किल्ली याच बायकांच्या हातात आहे.

आणि एकजुटीचा धडा त्यांना ग्रीसकडून घ्यायचा नाही. दारूबंदीच्या मतदानात उभ्या बाटलीवर की आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, हे महाराष्ट्रातल्या गावागावांत बायकांनीच ठरवलं. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणी आडव्या बाटलीच्या बाजूला लागतात. घरी धाक, दारात दुकानदाराची माणसं, तरी त्या रांगेत उभ्या राहिल्या.

म्हणून मराठी लेखक-दिग्दर्शकांकडे माझं मागणं आहे. ‘लिसिस्ट्राटा’ घ्या, पण अंथरुणाचा चावटपणा उचलून मोकळे होऊ नका. लोकर उचला, खजिन्याचं दार उचला, आणि मारहाण झाली तर काय हा भीतीतून आलेला, खरा प्रश्न वगळू नका. मुकादम, कारखाना, दवाखाना आणि घर या चारही दारांवर एकाच वेळी उभ्या राहिलेल्या बायकांचा वग मराठीत झालाच पाहिजे. त्याचा पहिला खेळ शहरातल्या मॉलमध्ये नको. टोळ्या गावी परततात त्या उन्हाळ्यात, चकलांब्यासारख्या गावात, जिच्या हाताला मोळीचे घट्टे आहेत तिच्यासमोर तो व्हावा. हसायचं कुठे आणि गप्प राहायचं कुठे, हे तीच आपल्याला नेमकं दाखवेल.