हिरोने ‘निसर्ग’ देऊन टाकला!

माजिवडा-वडपे रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलायत? मग खिडकीतून बाहेर बघा. गोडाऊन, कंटेनर, परत गोडाऊन. मध्येच एखादं भाताचं खाचर आणि मागे हिरवा डोंगर. काढला फोटो? टाकला स्टेटसला? २४ तासांत गायब!

आता एका खऱ्याखुऱ्या हिरोची गोष्ट ऐका. चंद्रकांत मांडरे (१९१३-२००१). तुमच्या आजी-आजोबांना विचारा, लगेच सांगतील. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये महाराजांची भूमिका त्यांनीच केली होती. खरं नाव गोपाळ. पण पडद्यावरचा हा हिरो हाडाचा चित्रकार होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांसारख्या कलावंताच्या सहवासात तो घडला.

मांडरेंना वेड निसर्गचित्रांचं. झाडं, पाणी, डोंगर, बदलणारा उजेड. त्यांची खासियत म्हणजे पावडर शेडिंग. म्हणजे रंगाची कोरडी पूड कागदावर हलकेच घासत छटा उभ्या करायच्या. धुकं किंवा ढग दाखवायला याहून भारी काय?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. इतकी वर्षं जमवलेली चित्रं विकून पैसा करता आला असता. मांडरेंनी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला आपला बंगला आणि चित्रांचा ठेवा राज्य शासनाला देऊन टाकला. बंगल्याचं नाव काय, माहितीये? ‘निसर्ग’! आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय कलासंग्रहालय आहे.

दान म्हटलं की आपल्याला चेक आठवतो. आपल्याकडे कुठले पैसे, म्हणून आपण विषय सोडून देतो. पण मांडरेंनी दिलं ते त्यांनी डोळे भरून पाहिलेलं जग. ते आता कोणा एकाच्या दिवाणखान्यात अडकून पडलेलं नाही, कोणीही जाऊन बघू शकतं.

मग आपण काय करायचं? कोल्हापूरची ट्रिप ठरली, तर रंकाळा आणि मिसळीच्या मध्ये एक तास या ‘निसर्गा’साठी ठेवा. आणि या पावसाळ्यात, आपल्या गावातलं एखादं खाचर, तळं किंवा वड कागदावर उतरवा. वाकडंतिकडं आलं तरी चालेल. खाली गावाचं नाव आणि तारीख लिहा, फ्रेम करा आणि गावातल्या शाळेला देऊन टाका.

उद्या तिथे गोडाऊन उभं राहिलंच, तर पहिलीतल्या पोराला निदान दाखवता येईल, इथे आधी काय होतं ते.