आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक

आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, म्हणजेच आयएसबीएन, हा प्रकाशित पुस्तकाच्या विशिष्ट आवृत्तीची आणि विशिष्ट बांधणीची ओळख पटवणारा तेरा अंकी क्रमांक होय. १ जानेवारी २००७ पूर्वी तो दहा अंकी होता. नामपृष्ठाच्या मागील बाजूस आणि मलपृष्ठावर बारकोडसोबत तो छापलेला असतो. मराठी नावात ‘प्रमाण’ आणि ‘ग्रंथ’ हे शब्द शेजारी आल्यामुळे ‘प्रमाण ग्रंथाला मिळणारा क्रमांक’ असा अर्थ पुष्कळांकडून घेतला जातो. वस्तुतः ‘प्रमाण’ हे येथे क्रमांकाचे विशेषण आहे, ग्रंथाचे नव्हे. जगभर एकाच पद्धतीने दिला जाणारा क्रमांक, एवढाच त्याचा आशय आहे.

गरज व उगम

केवळ नावावरून पुस्तक निश्चित करता येत नाही. ‘ज्ञानेश्वरी’ हवी असे म्हटले, तर वि. का. राजवाडे यांनी संपादिलेली, साखरे महाराजांच्या परंपरेतील, सार्थ, मूळ ओव्यांची किंवा पारायणासाठीच्या मोठ्या टाइपाची, असे अनेक पर्याय समोर येतात. दुकानातील अनुभवी विक्रेता चार प्रश्न विचारून योग्य प्रत काढून देतो. हजारो पुस्तकांच्या कोठारात संगणकाला मात्र असे प्रश्न विचारता येत नाहीत.

ही अडचण प्रथम ब्रिटनमध्ये तीव्रतेने जाणवली. १९६५ साली डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या पुस्तकविक्रेत्या कंपनीने पुस्तकांना प्रमाण क्रमांक देण्याची योजना जाहीर केली. संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांनी त्यासाठी नऊ अंकी पद्धत तयार केली. तिच्या आधारे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७० साली दहा अंकी क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. जुन्या नऊ अंकी क्रमांकाच्या आधी शून्य लावले की तो दहा अंकी होत असे.

क्रमांकाची घडण

तेरा अंकांचे पाच भाग पडतात. उदाहरणादाखल, केवळ गणित दाखवण्यासाठी घेतलेला ९७८-८१-२३४-५६७८-२ हा क्रमांक पाहू.

पहिला भाग ९७८ किंवा ९७९ असतो. दुकानातील वस्तूंच्या बारकोडमध्ये आरंभीचे तीन अंक सामान्यतः देशाच्या नोंदणी संस्थेचे असतात; भारतात नोंदलेल्या वस्तूंवर ८९० दिसतो. पुस्तकांसाठी मात्र एक काल्पनिक देश कल्पून त्याला ९७८ हे अंक देण्यात आले. या देशाला गमतीने ‘बुकलँड’ म्हणतात.

दुसरा भाग देशाचा किंवा भाषिक प्रदेशाचा. ० आणि १ इंग्रजी भाषिक प्रदेशासाठी, २ फ्रेंच, ३ जर्मन, ४ जपान, तर ८१ आणि ९३ भारतासाठी आहेत. भारताचे अंक देशाचे असल्याने त्यांवरून पुस्तक मराठी आहे की तमीळ, हे कळत नाही. उलट, भारतात तयार झालेल्या प्रत्येक पुस्तकावर ८१ किंवा ९३ असेलच असेही नाही. पेंग्विनच्या भारतीय पुस्तकांवर पुष्कळदा ०-१४ हे त्या प्रकाशनसंस्थेचे मूळ अंक आढळतात.

तिसरा भाग प्रकाशकाचा आणि चौथा पुस्तकाचा. या दोहोंची लांबी ठरावीक नसते, पण ८१ या गटात त्यांची बेरीज सात अंकांचीच राहते. प्रकाशकाला तीन अंक दिले तर पुस्तकांसाठी चार अंक उरतात, म्हणजे दहा हजार पुस्तकांची सोय होते. प्रकाशकाला सहा अंक दिले तर केवळ दहा पुस्तकांची. म्हणून मोठ्या प्रकाशकाचा क्रमांक आखूड आणि हौशी प्रकाशकाचा लांब असतो. मधल्या आडव्या रेघा मनाला येईल तेथे घालू नयेत, याचे कारणही हेच.

पडताळा अंक

शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. डावीकडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज करावी. सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेला ३ ने गुणावे. दोन्ही मिळवून येणाऱ्या संख्येत जो अंक मिळवला असता तिला १० ने निःशेष भाग जाईल, तो पडताळा अंक. वरील उदाहरणात विषम स्थानांची बेरीज ३३ आणि सम स्थानांची ३५. ३५ ची तिप्पट १०५, एकूण १३८. त्यात २ मिळवले की १४० होतात. म्हणून शेवटचा अंक २.

दहा अंकी पद्धतीत पहिल्या नऊ अंकांना क्रमाने १०, ९, ८ असे २ पर्यंतच्या संख्यांनी गुणून, बेरजेला ११ ने भाग जाईल असा अंक शेवटी घेत. वरचाच क्रमांक जुन्या पद्धतीने ८१-२३४-५६७८-६ असा होतो. गुणाकारांची बेरीज २३६, अधिक ६ म्हणजे २४२, आणि २४२ ला ११ ने भाग जातो. कधी कधी पडताळा १० येई. दोन अंकांना जागा नसल्याने तेथे रोमन लिपीतील एक्स हे अक्षर छापत. जुन्या पुस्तकांवरील ते अक्षर छपाईची चूक नव्हे.

या दोन उदाहरणांत शेवटचा अंक वेगळा आला, हे लक्षात घ्यावे. जुन्या क्रमांकापुढे नुसते ९७८ लावून तेरा अंकी क्रमांक मिळत नाही; पडताळा अंक नव्याने काढावा लागतो. ग्रंथालयांच्या नोंदी करताना ही चूक सहज होऊ शकते. ९७९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला तर दहा अंकी रूपच नाही.

गणिताच्या दृष्टीने जुनी पद्धत अधिक काटेकोर होती. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हमखास उघडी पडे. नव्या पद्धतीत एका अंकाची चूक कळते. पण ज्या शेजारच्या अंकांत ५ चा फरक आहे, त्यांची अदलाबदल निसटते. १६ ऐवजी ६१ लिहिले तरी पडताळा अंक बदलत नाही. बारकोडशी एकरूप होण्यासाठी ही उणीव पत्करावी लागली.

नवा क्रमांक केव्हा?

पुस्तकाचा मजकूर लक्षणीय बदलला, तर नवा क्रमांक लागतो. पुठ्ठाबांधणी, पेपरबॅक आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक द्यावे लागतात, अनुवादालाही स्वतंत्र. अनेक खंडांच्या ग्रंथात प्रत्येक खंडाला एक आणि संपूर्ण संचाला आणखी एक क्रमांक देता येतो. किंमत वाढली किंवा मुद्रणदोष सुधारले, एवढ्याने क्रमांक बदलत नाही. एकदा दिलेला क्रमांक, पुस्तक दुर्मीळ झाले तरी, दुसऱ्या पुस्तकाला देता येत नाही.

मराठीत येथे एक खास अडचण आहे. आपल्याकडे साध्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हणतात. ‘सातवी आवृत्ती’ असे छापलेल्या पुस्तकात पहिल्या आवृत्तीतील एक अक्षरही बदललेले नसू शकते, आणि तेव्हा जुनाच क्रमांक योग्य ठरतो. याउलट ‘सुधारित व वाढवलेली आवृत्ती’ जुन्याच क्रमांकाने काढली, तर नव्या प्रकरणासाठी पुस्तक मागवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जुनी प्रत पडू शकते.

भारतातील व्यवस्था

भारतात हे क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील, नवी दिल्ली येथील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. ग्रंथालयांना अर्थसाहाय्य करणारे कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान वेगळे. नामसादृश्यामुळे दोहोंत गल्लत होते. क्रमांक विनामूल्य मिळतो आणि स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो.

गैरसमज

हा क्रमांक देताना पुस्तकाच्या गुणवत्तेची तपासणी होत नाही. लेखकाचा स्वामित्वहक्कही त्यावर अवलंबून नाही; तो लेखनाबरोबरच निर्माण होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या गुणांकनासाठी राष्ट्रीय व स्थानिक प्रकाशकांच्या पुस्तकांबाबत या क्रमांकाचा उल्लेख होता. त्यामुळे ‘आयएसबीएन असलेले पुस्तक’ ही जणू एक प्रतवारीच आहे, अशी समजूत महाविद्यालयांत बळावली. पण मराठीतील पुष्कळ थोर ग्रंथ ही पद्धत अस्तित्वात येण्यापूर्वीच प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या मूळ प्रतींवर कोणताही क्रमांक नाही.

नियतकालिकांसाठी आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक असतो. दरवर्षी त्याच नावाने निघणारा दिवाळी अंक, आकाराने पुस्तकासारखा दिसला तरी, नियतकालिकांतच मोडतो. छापील स्वरलिपीसाठी ९७९-० ने सुरू होणारी वेगळी क्रमांकमालिका आहे.